व्हिडिओत न दिसलेला हात

लोक म्हणतात, विशेष मुलांच्या टीचर झालात, केवढं पुण्याचं काम! पुण्य गेलं खड्ड्यात. मी हे शिकले ते नोकरी पक्की व्हावी म्हणून. आमच्या शाळेत विशेष शिक्षिकेची जागा निघणार होती, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला दुसरं कोण काय देणार होतं? म्हणून ऑनलाइन पदव्युत्तर कोर्स. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि मॅडमचं लेक्चर एकदमच चालायचं. नवरा म्हणायचा, "काहून डोकं फोडून राहिली या वयात?" मी म्हणायचे, "तुमचं तर नाही ना फोडून राहिली? मग झालं."

कोर्ससाठी एक मूल घ्यायचं, त्याला एक गोष्ट शिकवायची आणि शेवटी तिचा व्हिडिओ पाठवायचा. मला मूल शोधावं लागलं नाही. इथे जबलपूरला, महाराजपुरात आमच्या मागच्याच गल्लीत एक मराठी घर होतं, बाई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिची मुलगी आठ वर्षांची, बोलत नव्हती. तहान लागली की मटक्यापाशी जाऊन झाकणावर थापा मारायची. घरात ते चालायचं. पण आमच्या शाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, शाळेत घेऊ की, पण पोरीला निदान पाणी तरी मागता आलं पाहिजे. जुलैपर्यंत तेवढंच जमवायचं होतं. तिची आई मला म्हणाली, "दीदी, एवढं एक करून द्या. बाकी मी काही नाही मागत."

मी ग्लासाचं चित्र असलेलं कार्ड बनवलं. कार्ड हातात दिलं की पाणी. सुरुवातीला मुलीच्या कोपराला हात लावून तिचा हात कार्डापर्यंत न्यायचा, मग तो आधार हळूहळू काढून घ्यायचा. नाही काढला तर मूल त्या आधाराचीच वाट पाहायला शिकतं. हे वाक्य मी पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात खाली रेघ मारून लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. आणि पोरगी खरंच शिकली हो! दीड महिन्यात माझा हात सुटला. कार्डाकडे बघायची, मग पंख्याकडे, मग दाराकडे, परत कार्डाकडे. दोन मिनिटं लागायची, कधी तीन. पण उचलायची, आपल्या मनानं. पहिल्यांदा उचललं तेव्हा तिची आई आणि मी दोघी रडलो.

आणि मग तो मेला व्हिडिओ. पाच मिनिटांत तीनदा कार्ड दिलेलं दिसलं पाहिजे, मध्ये कापाकापी चालणार नाही. मी ऑनलाइन मॅडमना विचारलं, तिला वेळ लागतो, सवलत मिळेल का? "सबके लिए एक ही फॉरमॅट है जी." घ्या! जी मुलं कशातच बसत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही शिकून राहिलो, आणि त्यांनाच फॉरमॅटात बसवायचं.

मे महिना होता. तीन दिवस आम्ही तो व्हिडिओ काढत होतो. चांगली तहान लागावी म्हणून मी तिच्या आईला सांगितलं, "सकाळपासून पाणी जरा कमी द्या हं, वहिनी." जबलपूरच्या मे महिन्यात. लिहितानाही माझी मला लाज वाटते. पहिला दिवस पंख्याकडे बघण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी तिच्या कोपराला बोटं लावली. तिनं झटकन कार्ड उचललं. मी वहिनींना म्हटलं, "फोन जरा वर धरा. चेहरा आणि कार्ड येऊ द्या, माझा हात नको दिसायला." त्यांनी वर धरला. काहून म्हणून विचारलंसुद्धा नाही. शिकलेल्या बाईला अशा बायका काही विचारत नाहीत, आणि आपल्याला ते पक्कं ठाऊक असतं. त्या दोन दिवसांत ते कोपर मी किती वेळा उचललं, देव जाणे.

ऑनलाइन मॅडमनी माझा व्हिडिओ सगळ्या वर्गाला दाखवला. "देखिए, बच्ची बिना किसी मदद के माँग रही है." माझा माइक बंद होता, तो मी बंदच ठेवला. नवऱ्यानं खोव्याची जिलेबी आणली. "चलो, आमची बाई गाजली!" मी जिलेबी खाल्ली. चांगल्या दोन खाल्ल्या.

मग लेखी परीक्षा आल्या आणि महिनाभर मी त्या गल्लीत फिरकले नाही. जुलै लागला. पदवी हातात यायची होती, पण शाळेनं विशेष शिक्षिकेचं काम मला देऊनही टाकलं होतं. त्यामुळे पोरीला बघायला बोलावलं तेव्हा मोठ्या मॅडमच्या बाजूच्या खुर्चीवर मीच होते.

टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, पुढ्यात कार्ड. मोठ्या मॅडम काही वाईट नाहीत, त्या शांतपणे थांबल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. पोरीनं ओठांवरून जीभ फिरवली. तिनं ना कार्डाकडे पाहिलं, ना पंख्याकडे. कोपर अंगापासून जरासं लांब केलं आणि माझ्या दिशेनं पुढे धरलं. तसंच धरून बसली.

खोलीत त्याचा अर्थ फक्त मला कळत होता. मॅडम, चूक माझी आहे, मी हे बिघडवलंय, दोन महिने द्या, एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. हात मांडीवर दाबून बसले.

"नहीं हो पा रहा ना? अगले साल देखते हैं. आप ही लिख दीजिए, अब तो आप एक्सपर्ट हैं."

मी लिहिलं, स्वतःहून पाणी मागता येत नाही. खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात वहिनींनी पिशवीतून बाटली काढली, पोरीचं कोपर उचललं आणि तिला पाणी पाजलं. "घरीही आता मटक्याकडे जात नाही, दीदी," त्या म्हणाल्या. "बसून राहते, कोणी हात लावेपर्यंत. तुमचीच सवय लागली ना तिला. लई जीव लावला तुम्ही."

मी म्हटलं, "हो ना, वहिनी."