सिक रिपोर्टमधलं कापलेलं नाव

आमची पलटण त्या वर्षी उत्तरेच्या डोंगरात होती. मी नायक वानखडे, राहणार पिंपळगाव राजा. माझ्याच कंपनीत नायक तायडे, राहणार वरवट बकाल. दोघे एकाच दिवशी भरती झालो, शेजारच्या खाटांवर झोपून ट्रेनिंग काढलं, दोघांची नोकरी अकरा वर्षांची. परमुलखात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की जवानाला माहेरचं कुणी आल्यासारखं वाटतं. मला तायडेचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

हेवा कशाचा, तर सगळ्याचाच. फायरिंगमध्ये तो माझ्यापुढे, दौडीत तो माझ्यापुढे. त्याच्या बेल्टची पितळी बक्कल अशी चमकायची की सुभेदार साहेब परेडवर तिच्याकडे बोट दाखवून आम्हाला शिव्या द्यायचे. पॉलिश मी तेच वापरायचो, बक्कलही तेवढीच घासायचो. चमकायची त्याचीच. वर माणूस चांगला होता. वाईट माणसावर जळलं तर मनाला काही टोचत नाही. तायडेवर जळून मी रोज आरशासमोर दाढीला उभा राहायचो.

तो दारूला शिवत नसे. बाप पंचशील पाळणारा, आणि पाचवं शील तायडेने पलटणीतही मोडलं नाही. फौजेत जवानाला रमचा कोटा मिळतो. न पिणारा आपला कोटा दोस्ताला देतो, ही पलटणीतली जुनी रीत. तायडेचा कोटा माझा. सुरुवातीला दोघांची रम मला महिनाभर पुरायची. अकराव्या वर्षी ती आठवड्यात संपू लागली, आणि सकाळी हात थरथरू लागले.

आदल्या वर्षी पिऊन रोलकॉलला उभा राहिलो, म्हणून माझ्या कागदांवर एक लाल नोंद झालेली होती. मोठी शिक्षा फौजेत लाल शाईने लिहितात. ती असली की निदान वर्षभर बढती विसरायची. दुसऱ्यांदा तोच गुन्हा म्हणजे वर्दी उतरण्याची भीती. पेन्शनला माझी चार वर्षं बाकी होती.

एका रविवारी मी मनाशी पक्कं केलं. संध्याकाळी कंपनीच्या सिक रिपोर्टच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. सकाळी डॉक्टरकडे जायचं असेल त्याने आदल्या संध्याकाळी त्यात नाव लिहायचं असतं. आजाराच्या रकान्यात लोक ताप लिहितात, पोटदुखी लिहितात. मी लिहिलं, 'दारू सुटत नाही'. तेवढं लिहायला मला पंधरा मिनिटं लागली.

सोमवारी सव्वासहाला सिक परेड उभी राहिली. त्या आठवड्यात ड्युटी एनसीओ तायडे होता, रजिस्टर त्याच्याकडे. त्याने तीन नावं वाचली. माझं नव्हतं. बाकीचे गेल्यावर मी त्याला गाठलं.

"माहं नाव?"

"कापलं म्या."

"काऊन बे?"

"दारूचं कारण लिहिलं की मेंटल वॉर्डात टाकतात. मेडिकल कॅटेगरी जाते, अनफिट धरतात. मंग हवालदाराची तिसरी फीत कधी लागन तुले? सुट्टीत गावाकडं चाल, खामगावले डॉक्टर पाहू. गुपचूप होऊन जाईन."

"तुले कोनं सांगितलं होतं?"

"कोनंच नाही. जाय, तोंड धू."

कंपनीत हवालदाराची एक जागा रिकामी होणार होती. माझ्या लाल नोंदीचं वर्ष सरलं होतं, म्हणून रांगेत आम्ही दोघं होतो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मी असाच पीत राहिलो तर जागा याची, सुंठीवाचून खोकला गेला. अकरा वर्षं ज्याच्या ताटाला ताट लावून जेवलो, त्याच्याबद्दल हा विचार करायला मला अकरा सेकंदही लागले नाहीत. दुपारी ट्रंकेतून बाटली काढली. ती तायडेच्याच कोट्यातली होती. त्याचा राग त्याच्याच रमवर काढला आणि गेली ती माझ्या पोटात. असा शहाणा मी.

साडेपाचला गार्ड माउंटिंग, म्हणजे रात्रीच्या पहाऱ्याची परेड. मी गार्ड कमांडर. तपासणीला एक तरुण कॅप्टन साहेब होते. माझ्यासमोर येऊन थांबले.

"गार्ड कमांडर, मुँह खोलो. साँस छोड़ो."

मी श्वास सोडला. हातातली रायफल घसरली आणि काँक्रीटवर आपटली. जवानाच्या हातून रायफल पडणं म्हणजे काय, ते सिव्हिलमधल्या माणसाला सांगून कळणार नाही. माझं शस्त्र काढून घेतलं आणि मला क्वार्टर गार्डच्या कोठडीत बसवलं.

बुधवारी अकरा वाजता सीओ साहेबांसमोर, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांसमोर, पेशी होती. आरोपीला टोपी आणि बेल्ट काढून आत नेतात. टोपी नसलेला जवान सलाम करू शकत नाही. साहेबासमोर हात खाली सोडून नुसतं उभं राहायचं. मी उभा राहिलो. आरोप वाचला गेला.

"कुछ कहना है?"

"साहब, मैंने इतवार को सिक रिपोर्ट में नाम लिखा था. इलाज के लिए."

सुभेदार मेजर साहेब मागून म्हणाले, "पकड़े जाने के बाद सब यही कहते हैं, साहब."

रजिस्टर आणलं. रविवारच्या पानावर तीन नावं आणि खाली एक काळीकुट्ट खोडलेली ओळ. काहीही वाचता येईना. तायडेला साक्षीला बोलावलं. तो टोपी-बेल्टसह कडक आत आला, सलाम ठोकला. बक्कल चमकत होती, आणि त्याही वेळी माझं लक्ष तिच्याकडे गेलं. त्याने 'लिहिताना चूक झाली, खोडली' एवढं म्हटलं असतं तर माझी नोकरी संपली असती आणि हवालदाराची जागा त्याच्या खिशात. मी त्याच्या जागी असतो तर काय बोललो असतो, ते मी इथे लिहिणार नाही.

"यह लाइन किसने काटी?"

"मैंने, साहब."

"क्या लिखा था?"

"नायक वानखडे का नाम, साहब. दारू छूटती नहीं, ऐसा लिखा था."

"काटी क्यों?"

"उसकी कैटेगरी चली जाती, साहब. और जो दारू वह पीता है, उसमें आधी मेरे कोटे की है."

 मी रजिस्टरमधल्या त्या काळ्या ओळीकडे बघत उभा राहिलो.

मला कडक ताकीद, दुसरी लाल नोंद, आणि ताबडतोब मिलिटरी हॉस्पिटल. वर्दी वाचली. मी मदत मागितली होती, हे सीओ साहेबांनी मान्य केलं. गुरुवारी सकाळी ॲम्ब्युलन्समध्ये चढताना ऑफिसकडे पाहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर एक टोपी आणि एक बेल्ट ठेवलेला होता. दारासमोर तायडे उघड्या डोक्याने उभा होता. सरकारी रजिस्टरमध्ये खाडाखोड केल्याबद्दल त्याची पेशी होती. त्यालाही लाल नोंद मिळाली. त्याच्या आयुष्यातली पहिली. बढतीच्या यादीतून त्याचं नाव गेलं.

हॉस्पिटलमध्ये मी आठ आठवडे काढले. पहिले दहा दिवस कसे गेले, ते आठवू नये असेच गेले. तायडे एका रविवारी परवानगी काढून आला. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन आला आणि अर्ध्या तासात सगळ्या वॉर्डाशी गप्पा मारून गेला. पुढचा आठवडाभर पेशंट मला विचारत होते, तुमचा तो दोस्त परत कधी येणार? मी शेजारी बसलेला, आणि लोकांना तो हवा. मला पुन्हा हेवा वाटला. दारू सुटत होती, हे दुखणं सुटत नव्हतं.

परत आलो तेव्हा माझी कॅटेगरी खाली गेली होती. तायडे बोलला होता तसंच. गस्तीवर जायला मनाई. मला बेसवर रेडिओ सेटवर बसवलं. हिवाळा आला. एका गस्तीचं नेतृत्व पाळीप्रमाणे माझ्याकडे यायचं होतं. ते तायडेला दिलं. जाताना सेटजवळ थांबून म्हणाला, "चांगल्या खुर्चीत बसून राह्यला बे. चहा ठेव, येतो मी."

दहा चाळीसला सेट बोलला.

"बेस, बेस. बरफ खिसकी है. एक आदमी नीचे. ओवर."

"कौन आदमी? ओवर."



"नायक तायडे. ओवर."

मी वेळ लिहिली, नाव लिहिलं, मेसेज पुढे पाठवला. अक्षर सरळ आलं. हात थरथरत नव्हते. दीड वाजता तो सापडला.

दोन वर्षांनी माझी कॅटेगरी परत आली. पुढे तिसरी फीत लागली. हवालदार म्हणून निवृत्त झालो. वरवट बकालला गावकऱ्यांनी त्याच्या नावाचा दगड बसवला आहे. त्यावर 'नायक' कोरलेलं आहे. सव्वीस जानेवारीला मी तिथे जातो. लोक खुर्ची देतात, 'या, हवालदार साहेब' म्हणतात. तो शब्द कानावर आला की वाटतं, उठून कुठे तरी निघून जावं. ज्या फितीसाठी मी त्याच्यावर जळलो, ती माझ्याकडे आली.

दरवर्षी दगडासमोर जाताना मी टोपी आणि बेल्ट काढून बाजूला ठेवायचो. हात खाली सोडून उभा राहायचो. लोकांना तो एखादा फौजी रिवाज वाटायचा. यंदा त्याची आई काठी टेकत जवळ आली.

"बाबू, सारे सलाम करतात. तू काऊन नाही करत?"

मी म्हणालो, "माय, तो हवालदार नाही झाला, ते माह्यामुळं."

"ठाऊक हाये मले. त्यानं चिठ्ठी लिहिली होती." ती माझ्याकडे बघत राहिली. "दारू सुटली ना तुही?"

"हाव, माय. सुटली."

"मंग घाल टोपी."

मी टोपी घातली, बेल्ट बांधला, सावधान झालो आणि नायक तायडेला सलाम केला. बक्कल आदल्या दिवशी तासभर घासली होती. त्याच्यासारखी अजून चमकत नाही.