ई-मेल बाद करण्याचा ठराव

आमच्या वाचनालयात संगणक आला तेव्हा मी नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि त्यानंतर स्पेसची पट्टी दाबली की ती वर यायला थोडा वेळ घ्यायची. अध्यक्ष म्हणाले, "शुभ असतं." ते निवृत्त वकील होते. त्यांचं म्हणणं खोडून काढायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं ते वाचनालय. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आसपासच्या बहुतेक घरांतली पोरं परदेशात गेली होती आणि आईबाप पेपर वाचायला आमच्याकडे यायचे. मी ग्रंथपाल. संगणकाचा एक छोटा कोर्स करून आलो, तर समितीनं मला शाल दिली. त्या शालीनंच घोटाळा केला. शाल पांघरलेल्या माणसाला "हे मला जमत नाही" असं म्हणता येत नाही.

इंटरनेट आलं तसा वाचनालयाचा एक ई-मेल पत्ता उघडला. सगळ्या सभासदांना मिळून एकच. पोरांनी त्यावर लिहायचं, मी छापून आईबापांना द्यायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण मला ग्रंथालयशास्त्र येत होतं आणि दुसरं काही येत नव्हतं. वाचनालयात आलेला कागद दाखल केल्याशिवाय बाहेर कसा द्यायचा? म्हणून प्रत्येक ई-मेलला मी दाखल क्रमांक दिला, खाकी कव्हर घातलं, आत तारखेची पट्टी चिकटवली. मुदत सात दिवस.

लोकांनी तक्रार केली नाही. उलट रांग लागली. कॅलिफोर्नियातली एक मुलगी आईला सासूबद्दल फार सविस्तर लिहायची. तिच्या ई-मेलना एवढी मागणी आली की एकदा खुद्द आईचाच नंबर तिसरा लागला.

"अहो, माझ्या मुलीचं पत्र आहे ते!" ती बाई म्हणाली.

"मान्य आहे, ताई. पण नियम सगळ्यांना सारखा."

हे मी बोललो. कोणी सांगितलं असतं तर मला खोटं वाटलं असतं.

या सगळ्यात एक काका होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे नामपूरचे. बायको गेलेली, एकुलता मुलगा अमेरिकेत. मुलानं तिकडे परप्रांतीय मुलीशी लग्न केलं आणि नंतर कळवलं. काकांनी फोनवर काय ते सुनावलं आणि घरचा फोनच काढून टाकला. कोणी समजवायला गेलं तर म्हणत, "कनेक्शन कसं तोडायचं ते मला शिकवू नका. सगळी नोकरी त्यातच गेली."

एके दिवशी ते चपला काढून संगणकाच्या खोलीत आले आणि माझ्या शेजारी बसले.

"ई-मेलमध्ये आवाज चढतो का हो?"

"नाही, काका."

"मग लिहा."

त्यांनी सांगितलं आणि मी टंकलं. 'दिवाळीला दोघं या. घर उघडं आहे.' स्पेसची पट्टी अडकत होती, त्यामुळे दोन वाक्यांना बराच वेळ लागला. तेवढ्यात काकांनी दोनदा मत बदललं, पण मजकूर तोच राहिला. मी पाठवलं. काकांनी विचारलं, "शिक्का?" मी छापील प्रतीवर शिक्का मारला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी येऊन विचारू लागले, "काही आलं?"

आणि याच सुमाराला ई-मेलची पेटी भरली. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की जागा संपली आहे, जुनं काढा, नाहीतर नवं येणार नाही. कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो आले होते, त्यांनीच सगळी जागा खाल्ली होती. मला ती सूचना पहिल्याच वाचनात समजली. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर सगळ्यांनी धरून चाललं की मला ती समजली नसेल.

समजूनही मी काही काढलं नाही. कारण वाचनालयातली दाखल केलेली वस्तू बाद करायची तर समितीचा ठराव लागतो. मी अध्यक्षांकडे गेलो.

"ई-मेल फाटलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"वाळवी?"

"नाही, साहेब."

"हरवलेत?"

"नाही, आहेत. तीच तर अडचण आहे."

"मग बाद कोणत्या कारणाखाली करणार? सुस्थितीतला ग्रंथ बाद करता येत नाही. उपसमिती नेमू. दोन सदस्य प्रत्यक्ष पाहणी करतील."

दोन सदस्य पाहणीला आले. त्यांनी चपला काढल्या, संगणकाला नमस्कार केला आणि चहा घेतला. एकजण मशीनच्या मागे वाकून बघत म्हणाला, "भरलेलं तर काही दिसत नाही बुवा." निर्णय दिवाळीनंतरच्या सभेवर गेला.

आता काय करायचं? एखादा ई-मेल गुपचूप उडवला असता तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. पण मी नियमाचा माणूस, असं स्वतःला सांगत राहिलो. खरी गोष्ट वेगळी होती. उडवायचं कसं, ते कोर्समध्ये झालं त्या दिवशी मी गेलो नव्हतो, आणि कोणाला विचारायची शालीमुळे लाज वाटत होती. अंगावरची लाज झाकायला नियमासारखं दुसरं पांघरूण नाही.

काका रोज येत. "काही आलं?" "नाही, काका." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. येणारच नव्हतं, तर आलं कसं असतं? ज्या दिवशी त्यांचं मन फार खालावलेलं असे, त्या दिवशी त्यांच्या तोंडी गावची बोली येई. दारातूनच विचारत, "काही शे का?" मी मान हलवायचो. त्यांच्या समाधानासाठी मी जास्त वेळ इंटरनेट जोडून बसू लागलो. फोनची आणि इंटरनेटची लाइन एकच होती. म्हणजे अमेरिकेतून त्यांचा मुलगा वाचनालयाला फोन लावत होता, आणि तो लागत नव्हता, कारण मी त्याच्याच ई-मेलची वाट पाहतोय असं दाखवत लाइन अडवून बसलो होतो. हे मला नंतर कळलं.

दिवाळी तोंडावर आली. दिवाळी अंकांचे गठ्ठे आले आणि मी कव्हरं घालण्यात बुडालो. काका पिशवी घेऊन आले.

"काही शे का?"

"नाही, काका."

"मग मी नामपूरला निघालो, धाकट्या भावाकडे. घर उघडं ठेवून कोणाची वाट बघू? कांद्याच्या चाळीत बसून करंजी खाईन."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं मी. आणि म्हणालो, "काका, तुमच्याकडचं पुस्तक जमा करून जाता का? मुदत संपतेय."

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून दिलं आणि गेले.

वसुबारसेला एक तरुण जोडपं वाचनालयात आलं. पाठीवर मोठ्या सॅक. मुलाचं नाक काकांचंच होतं.

"घराला कुलूप आहे," तो म्हणाला. "बाबांचा ई-मेल इथून आला होता ना? मी उत्तर पाठवलं. पहिलं गेलं असावं, नंतरची सगळी परत आली. फोन केला तर सारखा एंगेज. त्यांना एक तरी मिळालं का हो?"

मी अंकाला कव्हर घालत होतो. वर न बघता म्हणालो, "हो, पहिलं मिळालं. मीच दिलं त्यांना."

का बोललो? आजही नीट सांगता येत नाही. वाचनालयाची अब्रू, असं काहीतरी डोक्यात आलं असेल. एवढंच सांगतो की त्याचा चेहरा मी पाहिला. बापानं उत्तर वाचलं आणि घराला कुलूप लावून निघून गेला, असं तो समजला. तो बाकावर बसला. सॅकसुद्धा उतरवली नाही.

बायको मराठी नव्हती. तिनं हिंदीत विचारलं, आईला पोचल्याचं कळवायचंय, संगणक मिळेल का. मी म्हटलं, "चप्पल बाहेर." ती आत गेली. मिनिटाभरात तिचा आवाज आला.

"सर, ये तो कब का भरा पड़ा है। बारिश के बाद से इसमें कुछ आया ही नहीं।"

मुलगा आत गेला. मीही मागोमाग गेलो. तिघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. काहीतरी बोलणं भाग होतं.

"ठराव झाला नव्हता," मी म्हणालो.

ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो हसला नाही. "बाबा कुठे आहेत?" एवढंच विचारलं.

"नामपूरला. तुमच्या चुलत्यांकडे."

तिनं डोळे पुसले. "डिलीट कर दूँ कुछ?"

"नाही!" मी ओरडलो. "परवानगी नाही!"

आजाऱ्याकडे बघतात तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि बारशाचे फोटो उडवून टाकले. एक बोट, एवढंच लागलं. दोघं सॅकसकट नामपूरला जायला सटाण्याच्या गाडीला धावले.

दिवाळीनंतरच्या सभेला काका स्वतः उभे राहिले. शेजारी मुलगा होता.

"मंडळी, यंत्रात बिघाड होता. माझ्या मुलानं मला सगळं सांगितलं. ग्रंथपालांचा काही दोष नाही. बिचारे रोज माझ्यासाठी लाइन जोडून बसायचे. खोटी आशा लावली नाही त्यांनी, रोज खरं तेच सांगितलं."

मी मुलाकडे पाहिलं. त्यानं खिडकीकडे बघितलं. सगळं म्हणजे किती, ते त्याचं त्यानं ठरवलं होतं. समितीनं माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. ई-मेल बाद करायचा मात्र पुढे ढकलला, कारण बारशाचे फोटो गहाळ झाल्याची तक्रार आली होती आणि त्याची चौकशी आधी करायची होती. फोटो हरवल्याचं मीच लिहून दिलं.

काका अजून येतात. मुलगा दर रविवारी ई-मेल करतो, आता त्यांच्या घरच्या संगणकावर. मला बघितलं की ते इतरांना सांगतात, "यांच्यामुळे हो." मी पुस्तकांची धूळ झटकायला लागतो.

हे लिहून मी एका दिवाळी अंकाला पाठवणार आहे. छापलं तर तो अंक आमच्याकडेही येईल. दिवाळी अंकांच्या यादीत पहिला नंबर नेहमी काकांचाच असतो. कव्हर मीच घालीन, पट्टीवर तारखेचा शिक्का मीच मारीन आणि त्यांच्या हातात देईन. मुदत सात दिवस.