मायसाठी कुत्रं पाहताना

कापसाच्या हंगामात माय जिनिंगच्या कारखान्यात, सरकी काढतात तिथे, कामाला जायची. आमच्या आंजी गावाहून सकाळी बायकांची गाडी निघायची आणि दिवस मावळल्यावर बायका पांढऱ्या होऊन परतायच्या. पापण्यांवर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर रुईचे तंतू. माय आधी अंगणात पदर झटकायची, मग आत यायची. बाप दुसऱ्याच्या वावरात सालानं राबायचा. आमची शाळा, तेल-मीठ, आजारपण हे सगळं त्या पांढऱ्या धुळीतून निघायचं. खोकला सगळ्याच बायकांना असायचा, पण मुकादमासमोर कोणी खोकायचं नाही. एखाद्या बाईला दम लागतो हे त्याच्या ध्यानात आलं की दुसऱ्या दिवशी तिला गाडीत जागा नसायची. म्हणून बायका एकेक करून कापसाच्या गंजीमागे जायच्या, तोंडावर पोतं दाबून खोकून घ्यायच्या आणि डोळे पुसत कामावर यायच्या. सुट्टीच्या दिवशी मी मायसोबत जायची, तेव्हा हे पाहिलं आहे. मला वाटायचं, त्या तिकडे हसायला जातात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कोणी न विचारता सांगते आणि सांगत राहीन. वर्ध्याला कॉलेज केलं, नोकरी लागली, लग्न झालं, पिपरी मेघेला घर बांधलं. बाप गेल्यावर मायला इकडे आणलं. त्यात मी काही उपकार केले नाहीत. पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला निघालो की संध्याकाळपर्यंत माय घरात एकटी. मुलगी शिकायला पुण्याला. शेजारच्या घरांना कुलपं, कारण तिथलीही माणसं कामावर. आंजीत तिच्या दारावरून माणसं जायची आणि जाता जाता बोलायची. इथे नुसत्या मोटारसायकली जातात.

मायला दमा तर होताच, दर वर्षी एकदा तरी दवाखान्यात भरती करावं लागायचं. छातीच्या डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब टाकून, टोचून तपासणी केली. घरातली धूळ, कापसाची धूळ आणि कुत्री-मांजरं, एवढ्यांची ॲलर्जी निघाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वालाच्या शेंगा सोलता सोलता माय म्हणाली, "एखादं कुत्रं आणता काय वं घरी?"

मी नुकतीच ऑफिसातून आले होते, पाय दुखत होते. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी तिला पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलत राहिली. माझ्या आठवणीत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू. साडी आणली तर "काऊन आणली", चप्पल आणली तर "जुनी हाय नं अजून". आणि आता मागितलं ते नेमकं तिला न चालणारं.

नवरा म्हणाला, विचारून तर पाहू. डॉक्टर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. म्हणाले, अमुक जातीचं कुत्रं ॲलर्जीवाल्यांना चालतं असं लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. त्रास नुसत्या केसांचा नसतो, कातडीच्या कोंड्याचा आणि लाळेचा असतो, आणि ते प्रत्येक कुत्र्याला असतात. मात्र एखाद्या कुत्र्याचा त्रास कमी होतो, एखाद्याचा जास्त. जे आणायचं त्याच कुत्र्याजवळ त्यांना आधी बसवा, पुन्हा पुन्हा बसवा, आणि काय होतं ते त्यांनाच विचारा.

त्यांनाच विचारा, इथे आम्ही फसलो.

पहिलं कुत्रं पाहिलं नागपूरला. डॉक्टरांचं ऐकूनही नवऱ्याच्या डोक्यात कुरळ्या केसांची जात बसली होती, तिचे केस गळत नाहीत म्हणे. ते कुत्रं एसीच्या खोलीत गादीवर बसलं होतं. मायनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ते काय खातं ते विचारलं, पाकिटातलं खातं म्हटल्यावर हात काढून घेतला. काही होतं का, मी विचारलं. काही होत नाही म्हणाली. परतीच्या वाटेवर मात्र तिनं पदर तोंडावरून काढला नाही. रस्त्याची धूळ आहे म्हणाली. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी माझ्या काही लक्षात आलं नाही. ते कुत्रं आणायचं राहिलं ते वेगळ्याच कारणानं. "हे तं बाहुली हाय," माय म्हणाली. "याच्यासंगं काय बोलू मी?"

मग आंजीला मामाच्या घरी पिल्लं झाली. मायनं एक काळी पिल्ली मांडीवर घेतली आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. दोन-तीन रविवार आम्ही तिला तिथे बसवलं. दर वेळी मी विचारायची, दर वेळी ती म्हणायची, "मले काई होत नाई." पिल्ली घरी आणली. मायनं तिला दूध-पोळी कुस्करून घातली, दुपारी तिच्याशी बोलायला लागली. मी दारात आले तरी आतून बोलणं ऐकू यायचं. बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी घरी येताना घाई वाटत नव्हती.

पण दम्याचा तोंडात मारायचा पंप लवकर संपला. पडून गळला असेल, म्हणाली. पिल्ली मोठी होत होती, मायचे गाल आत जात होते. एक दिवस डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. न्हाणीचं दार लावलेलं, आत नळ पूर्ण सोडलेला. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. मी दाराशी उभी राहिले. लहानपणी जो आवाज मी हसण्याचा समजले होते, तोच.

ती बाहेर आली, डोळे लाल, पदर ओला. "तोंड धुवून राह्यली होती," म्हणाली.

मी रागावले नाही. रागावण्याइतका जीव अंगात नव्हता. मी खाली फरशीवर बसले. म्हटलं, "माय, इथं कोण मुकादम हाय?"

पिल्ली मायच्या पायाशी येऊन बसली, मायनं तिला पायानंच हळूच दूर सारलं. मग म्हणाली, "सांगतलं असतं तं तू हिले नेऊन टाकलं असतं."

"टाकलंच असतं."

"मंग? तुमी जाता कामावर. घरात एक जीव तं असते."

मी उठून न्हाणीत अजून चालू असलेला नळ बंद केला.

पिल्ली परत गेली. मामानं नवऱ्याला चिडवलं, "काहो जवाईबापू, पोरगी नांदली नाई वाटते?" नवरा हसला, माय हसली नाही. मी चादरी, पडदे, सोफ्याचे कव्हर धुतले, घर पुसलं, आणि ते सगळं करताना मला वाटत होतं की हे आता इथेच संपवावं. पण मायचं जेवण कमी झालं. दुपारी मी ऑफिसातून फोन केला की ती "हो", "नाई", "ठेव" एवढंच बोलायची.

शेवटी मी तिला समोर बसवून सांगितलं. आपण पुन्हा कुत्रं पाहू. पण जे होईल ते तू बोलायचं. नाक चुरचुरलं तरी बोलायचं. लपवलंस तर पुन्हा नाव काढायचं नाही. माय म्हणाली, सारखं दुखणं सांगणारी बाई कोणाले चांगली वाटते? मी म्हटलं, मले वाटते.

हे तिला जमायला वेळ लागला. तोंडून "काई होत नाई" आपोआप निघायचं आणि मग ती थांबायची. डॉक्टरांनी फुंकून पाहायची एक नळी दिली होती, तिच्यातला काटा छाती किती मोकळी ते दाखवतो. कुत्र्याजवळ बसण्याआधी आणि नंतर ती फुंकायची. दर रविवारी कुठे ना कुठे. कुत्रं मोठं पाहायचं ठरवलं, कारण पिल्लू वाढतं तसा त्रास आज एक तर उद्या दुसरा, आणि पिल्लाला बाहेर ठेववत नाही. नवरा म्हणायचा, "आई, पोरीसाठी स्थळं पाहावी लागतील तवा पाहू, आधी तुमचं जमवू." ज्यांच्या घरी जायचो ते चहा ठेवायचे. नको म्हणायचं असलं की तिथे म्हणायचं नाही, कळवतो म्हणायचं, हेही तसंच. एका घरी बसल्या बसल्या माय स्वतःच उठली आणि अंगणात जाऊन म्हणाली, "हा नाई. छाती भरून राह्यली." त्या दिवशी परतताना गाडीत मला ती पहिल्यांदा सोबत असल्यासारखी वाटली.

कारंजाला हायवेवर मोठ्या दिरांचा ढाबा आहे. तिथे एक तपकिरी कुत्री होती, गावठी, वयानं पोक्त, दोन वेळा व्यालेली. ट्रक आला तरी ती उठायची नाही, नुसते कान हलवायची. आम्ही तिथे जेवायला म्हणून गेलो होतो. माय बाजेवर बसली, कुत्री येऊन तिच्या चपलेवर तोंड ठेवून पडली. मी लगेच काही विचारलं नाही. जेवण झालं, चहा झाला, नळी फुंकून झाली. काटा जवळपास होता तिथेच. तरी माझा काट्यावर विश्वास नव्हता, इतकी मी थकले होते.

"सांग," मी म्हटलं.

मायनं नाक चोळलं. "नाक थोडं चुरचुरते. डोयेही खाजते एखादवेळ. छाती मोकळी हाय."

"काही होत नाही" म्हणाली असती तर मी त्या कुत्रीला तिथेच सोडून आले असते. आम्ही आणखी तीन-चारदा गेलो. मायचं बोलणं दर वेळी थोडं वेगळं, पण छातीबद्दल तेच. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. कुत्री घरात नाही, मायच्या खोलीत तर नाहीच. आंघोळ नवऱ्यानं घालायची. हात लावला की हात धुवायचे, औषध चुकवायचं नाही. दीर म्हणाले, घेऊन जा, इथं ती ट्रकवाल्यांच्या हाडकांवर लठ्ठ होऊन राह्यली.

पहिले काही दिवस कुत्री फाटकाकडे तोंड करून बसायची. मग मायच्या खुर्चीकडे तोंड करून बसायला लागली. हिवाळ्यात एकदा मायला त्रास झाला, तो तिनं संध्याकाळची वाट न पाहता ऑफिसात फोन करून सांगितला. मी अर्धी रजा टाकून आले, औषध वाढवून घेतलं, चार दिवस कुत्रीला मागच्या बाजूला बांधलं. पुढे निवळलं.

आता कुत्री अंगणात असते आणि माय दुपारी तिच्याजवळ खुर्ची टाकून बसते. या वर्षी मायला दवाखान्यात भरती करावं लागलं नाही.