फितीवरचे लाल आकडे

माझी छाती एकदा शहाऐंशी इंच होती. तीन आठवडे होती, मग उतरली.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. आमच्याकडे नवरदेवाचा कोट मुलीकडचे शिवत. त्याचं माप म्हणजे धागा. छातीला गुंडाळून एक गाठ, कंबरेला दुसरी, की पुडीत बांधून पाठवून द्यायचा. माझी आत्या धागा घेऊन तयारच होती.

"उभा राय सरका, ताठ. गाठ मारू दे."

"आत्या, धागे काय पाठवतेस? मी सातवी पास हाव!" (आमच्या सोनाळ्यात त्या वर्षी आम्ही दोघंच पास झालो होतो. दुसऱ्याला हे सांगत सुटायची सवय नव्हती.)

माझ्याकडे एका मित्रानं मुंबईहून आणलेली कापडी फीत होती. एका बाजूचे आकडे घासून पुसट झालेले, पण दुसरी बाजू काय झकास! दर दहाला ठळक लाल आकडा, पाचाला लांब रेघ, मधे बारीक रेघा. चुकायची सोयच नाही! इतके सोपे आकडे दिसल्यावर ते कशाचे, हे विचारतो कोण? फीत म्हटली की इंच. कार्डावर लिहून टाकलं: छाती ८६, कंबर ७४, बाही ६०.

आता अमडापूरला सासऱ्यांनी मला पाहिलंच नव्हतं. सोयरीक मुलीच्या मामानं जुळवलेली, आणि तो तिकडे सांगून बसला होता, "पोरगा अंगानं भरलेला हाय." झालं! कार्ड वाचून सासरे मटकन खाली बसले. शिंप्यानं विचारलं, "बाही पाच फूट? हात जमिनीले लागतात काय हो पोराचे?" आणि मुलगी? तिनं तर जेवणच सोडलं.

लग्नाला आठ दिवस उरले असताना सासरे गाठोडं घेऊन आमच्या दारात हजर!

"नवरदेव कोठी हाय?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं.

"आन् बाकीचा?"

गाठोडं सुटलं. अरे बापरे! कोट कसला, ज्वारीच्या राशीवर टाकायची ताडपत्रीच ती! सासरे कडाडले, "मामानं फसवलं! भरलेला म्हणून सांगतलं, निघाला काडी! आमाले नाही करायची सोयरीक!" पत्रिका गावभर वाटून झाल्या होत्या हो!

आत्या पुढे आली. तिनं माझ्या छातीला धागा गुंडाळला, गाठ मारली आणि धागा फितीवर ठेवला. सासऱ्यांनी वाचलं, "शहाऐंशी." तिनं फीत उलटली. पुसट बाजूवर डोळे बारीक करून ते म्हणाले, "चौतीस!"

"पाहा व्याही," आत्या म्हणाली, "फीत खोटी नाही, पोरगाही खोटा नाही. फक्त येडा हाय."

सासऱ्यांनी मोठा श्वास सोडला. "येडा चालते. राक्षस नाही म्हणून सांगतो, पोरगी जेवीन तरी. पण कापड कापलं हाय, जवाईबापू. कोट हाच घाला लागीन!"

(लाल आकड्यांना सेंटिमीटर म्हणतात, हे पुढे सरकारनं मीटर आणला तेव्हा मला कळलं. तोवर तीन पोरं झाली होती.)

मंडपात अंतरपाट सरकला. नवरीनं माळ उचलली, मान वर केली आणि त्या कोटात मला शोधू लागली. शेवटी हळूच म्हणाली, "हाय ना आत कोणी?"

आता म्हातारे झालो. मी काही शहाणपणाचं बोललो की ती माझ्या कपाळावर टिचकी मारून अजून तेच विचारते.