कुपनं नकोत, बर्फी घ्या

ये गं मधुरा, अशी जवळ बस. पर्मनंट रेसिडन्सच्या, म्हणजे पीआरच्या, विधेयकाचा तो मेसेज तूसुद्धा ग्रुपवर ढकललास ना? न वाचता? एवढी शिकलेली मुलगी तू! आता ऐक, असल्याच मेसेजने काय केलं होतं ते.

तुला माहीतच आहे, मी इथे टोकियोजवळ ग्योतोकुत, नगरपालिकेत परदेशी लोकांच्या खिडकीवर दुभाषी. जपानी शिकले भाजीवाल्याकडे. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर बिल्डिंगमधले बरेच जण परत गेले, आम्ही राहिलो. राहिलेल्यांना मी नोटिसा वाचून दाखवायला लागले, त्यातनं ही नोकरी.

मागे एकदा केतकी नावाची मुलगी खिडकीवर आली, कचऱ्याचं वेळापत्रक विचारायला. पोट दिसत होतं. पावलं इतकी सुजलेली की बुटांच्या टाचा दुमडून घातलेल्या.

"कितवा गं?"

"सहावा, काकू."

"बोशी-तेचो घेतलंस?" म्हणजे आई-बाळाचं हेल्थ बुक. गरोदर बाईने नाव नोंदवलं की मिळतं, सोबत तपासणीची कुपनं.

"नाही. माझ्या नवऱ्याचं, निनादचं, पीआरचं ॲप्लिकेशन दाखल केलंय. नवीन कायद्यात सरकारी मदत घेतली की पीआर जातं म्हणे. आम्ही ठरवलंय, सरकारचं काही घ्यायचं नाही." सांगताना चेहरा असा, जणू कडक उपास धरलाय.

"मग तपासणी?"

"एकदा गेले होते. आता आई पुण्याहून व्हिडिओवर बघते."

"आईला व्हिडिओवर बीपी दिसतं का?"

मी आमच्या साहेबांना, मोरी-सानना, हाक मारली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले,

"लेले-सान, विधेयक आहे कर आणि विम्याचे हप्ते मुद्दाम बुडवणाऱ्यांसाठी. यांनी बुडवलेत?"

"छे हो! निनाद मुदतीआधी भरतो," केतकी जवळजवळ रागावलीच.

"मग तपासणीचा आणि पीआरचा काय संबंध? इथे राहणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईसाठी आहे ती."

तिने नवऱ्याला फोन लावला. तो मला म्हणतो, "काकू, हे लेखी मिळेल का?"

"लेखी मागनं. आधी इकडे ये."

तोवर आमच्याकडच्या नर्सने केतकीचं बीपी घेतलं. एकदा घेतलं, परत घेतलं, भलतंच चढलेलं; तिने तडक टॅक्सी बोलावली. केतकीला हॉस्पिटलात त्याच दिवशी ठेवून घेतलं. मुलगी लवकर झाली, मूठभर, पण रडणं खणखणीत. पुढे पीआरही आलं.

मग एक दिवस निनाद बर्फीचा डबा घेऊन खिडकीवर. मोरी-सान वाकले, पण हात मागे.

"नियम आहे. आम्हाला घेता येत नाही."

"अहो, एक तुकडा! मुलगी झालीय!"

मोरी-सान माझ्याकडे वळले. "लेले-सान, तुमची माणसं अवघड आहेत. घ्यायचं ते घेत नाहीत आणि आम्हाला चालत नाही ते द्यायला येतात."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. डबा तसाच परत गेला.

तेव्हा, विधेयक आलं की आधी वाचावं. नाहीतर खिडकीवर येऊन विचारावं, त्याला कोणी ओरडत नाही. मी सोडून.

आता केतकीची ती चिमुरडी माझ्याकडे येते आणि मला जपानीत दटावते. तिला बघायला घरी ये एकदा, लवकर ये. मेसेज नको आणूस, बर्फी आण. माझ्या घरी चालते.