वाफाताईचा हात

कल्पना करा, तुमच्या मांडीवर वर्षभराचं मूल आहे आणि तुम्ही त्याच्या कपाळावर तळहात टेकवला आहे. गरम लागतंय का? किती? नेहमीपेक्षा जास्त, की आपलं उगाच? हात आकडा सांगत नाही. समोरचं आपल्यापेक्षा गार आहे की गरम, एवढंच त्याला कळतं. आता अशीही कल्पना करा, की हाच हात सकाळपासून वाफेच्या इस्त्रीवर राबत होता. तर मग सांगा, मुलाला डॉक्टरकडे न्यायचं की नाही?

वाफाताईला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनवर होती. दिवसभर हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे. मशीनचा तापमानाचा काटा केव्हाच अडकून बसला होता आणि मुकादम तो दुरुस्त करून घेत नव्हता. "काटा कशाला? बाई आहे की!" वाफाताई गरम पत्र्यापासून बोटभर अंतरावर तळहात धरायची आणि सांगायची, "थांब, रेशीम जळेल," किंवा "टाक आता सुती." चूक कधी झाली नाही. तिथेच तिला हे नाव पडलं आणि तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

नावाबरोबर कीर्तीही आली. जिन्यातल्या बाया मूल कडेवर घेऊन दाराशी यायच्या. "वाफाताई, जरा हात लावून बघा ना." ती हात लावायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "काही नाही, दात येतायत." बाया निश्चिंत होऊन परत जायच्या. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा, कारण बहुतेक मुलं बहुतेक वेळा आपली आपणच बरी होतात. पण श्रेय हाताला मिळायचं.

हाताला न मानणारं एकच माणूस होतं, आणि ते नेमकं घरातच होतं. तिची धाकटी नणंद. वाफाताईच्या लेकीचा, चिमीचा, जन्म झाल्यापासून घरात सगळे तिला आत्याच म्हणत. वाफाताई कामावर आणि नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी, म्हणजे दिवसभर चिमी आत्याजवळ. आत्याचा स्वभाव काळजीचा. गेल्याच महिन्यात तिने घाबरवून वाफाताईला अर्ध्या कामावरून बोलावलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी "सर्दी आहे हो" म्हणून दोघींना परत पाठवलं होतं. ते वाफाताई विसरली नव्हती. मुकादम तर अजिबातच विसरला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर आत्या दारातच उभी.

"वहिनी, चपला काढू नका. चिमीला घेऊन जाऊ या."

"कुठे?"

"डॉक्टरकडे. अंग भाजतंय तिचं."

चिमीला कालपासून ताप होता, हे वाफाताईला ठाऊक होतं. तिने कपाळावर हात ठेवला, मग पोटावर, मग मानेखाली. मशीनवरून उतरलेल्या चादरीची घडी थोडी निवली की लागते, तसं लागलं. कोमट.

"काही नाही गं. कोमट आहे."

"कोमट? मघाशी माझा हात पोळला!"

"तुझा हात नाजूक. तुला मांजर शिंकलं तरी न्यूमोनिया दिसतो."

"थट्टा पुरे, वहिनी. पाजलेलं सगळं ओकतेय ती. सकाळी तुमच्या देखत बदललेलं दुपटं अजून कोरडं आहे."

"पोटात काही राहतच नाही, तर ओलं कुठून करणार?"

हे उत्तर तिने तोंड बंद करायला दिलं होतं. खरं तर धोक्याची घंटा त्यातच वाजत होती, पण आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं थोडंच! आत्या तरातरा खालच्या मजल्यावर गेली आणि तिथल्या बाळंतिणीकडून थर्मामीटर घेऊन आली. त्याची डबी अजून उघडलीसुद्धा नव्हती. वाफाताईचा हात असताना कोण कशाला उघडतंय!

चिमीच्या काखेत थर्मामीटर धरला. एकशे तीन.

"दुसऱ्या काखेत लाव," वाफाताई म्हणाली. तिथेही तेवढाच.

तिने स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. गुळगुळीत, चकचकीत, रेषा पुसट झालेल्या. हा हात जाळणाऱ्या पत्र्याला ओळखायचा, ही खरी गोष्ट. पण पत्रा कुठे आणि लेकराचं कपाळ कुठे! तेवढ्याशा फरकाला हा हात कधीच मेला होता, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मागे चिमीच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध घरात होतं. वाफाताईने ते मोजून थेंबाथेंबाने पाजलं. या वेळी उलटी झाली नाही. काही वेळाने पुन्हा थर्मामीटर लावला. आकडा शंभराच्या खाली आला होता.

"उतरला!" तिने भिंतीला पाठ टेकली. "बघ, उगाच जीव घाबरा केलास. आता सकाळी बघू."

"ताप उतरला," आत्या म्हणाली, "मग चिमी कुठाय?"

"म्हणजे?"

आत्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून चिमीच्या नाकासमोर धरला. चिमीसमोर चष्मा धरणं म्हणजे मांजरासमोर दूध ठेवणं. तापातसुद्धा, काल संध्याकाळी अंग जरा निवल्याबरोबर, तिने त्याची एक काडी वाकवली होती. आज तिने चष्म्याकडे पाहिलं. हात उचलला नाही. मग नजरही सरकली आणि कुठेच थांबली नाही.

"चिमे," वाफाताईने हाक मारली. "चिमे, इकडे बघ. ए माझी बाई."

चिमी रडायला म्हणून तोंड वाकडं करत होती, पण आवाज फुटत नव्हता आणि डोळे कोरडेच होते. वाफाताईने तिला उचललं आणि पायात चपला सरकवल्या. एक तिची होती, एक आत्याची.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी थर्मामीटर हातात घेतलाच नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ओठ उघडून जीभ पाहिली, छातीकडे बघत श्वास मोजले.

"शेवटची लघवी कधी केली?"

 उत्तर आत्याने दिलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि नर्सला सलाईनची तयारी करायला सांगितली. शीर सापडेना. दुसऱ्या हातावर सापडली. एरवी इंजेक्शन दिसलं तरी दवाखाना डोक्यावर घेणारी पोर जेमतेम कण्हली. 

"डॉक्टर, माझ्या हाताला कोमट लागली ती. मग औषधाने उतरलाही होता ताप."

"उतरला, चांगलं झालं. पण आकडा उतरला म्हणून मूल सुधारलं, असं नसतं हो. पितंय का, लघवी होतेय का, श्वास नीट आहे का, ताप उतरल्यावर तरी खेळतंय का, हे बघायचं. यातलं काही बिघडलं, की काट्याला विचारत बसू नका, घेऊन या. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसत्या तापालासुद्धा या, थांबायचं नाही."

वाफाताईने आत्याचं मनगट घट्ट धरलं. "खालच्या बाळंतिणीचं तान्हं! सकाळी कामावर जाताना मी हात लावला होता. काही नाही म्हटलं होतं. तिला फोन लाव."

"काय सांगू?"

"माझा हात खोटा आहे म्हणून सांग. थर्मामीटर वर आपल्याकडेच राहिलाय, शेजारून किल्ली घे म्हणावं. ताप निघाला तर तशीच निघून ये."

आत्या फोन घेऊन बाहेर गेली. खोलीत सलाईनचे थेंब पडत होते. चिमीचे डोळे मिटले होते. ओठ अजून कोरडेच होते, छाती वरखाली होत होती. डॉक्टरीणबाई निघाल्या, तशी वाफाताई त्यांच्या मागे दारापर्यंत गेली.

"डॉक्टर, अजून एक. आता झोपलीय ती. नुसती झोपलीय, की मघासारखी सुस्त पडलीय?"

"अधूनमधून उठवून बघा. जागी व्हायला हवी, तुमच्याकडे बघायला हवी. झाली नाही तर लगेच बोलवा."

"हो. पण आजारी मुलाला झोप हवीच असते. ती मोडायची तरी किती वेळा?"