बटणावरचा खळगा

मामेभाऊ संजूने टेबलावर दोन व्हिडिओ गेम शेजारी ठेवले: त्याचा लहानपणीचा जाडजूड करडा आणि मी परवा हौसेने घेतलेला नवा, पातळ. "तुझाच भारी गं," तो म्हणाला. आहेच मुळी! माझ्या पडद्याला आतून उजेड आहे. त्याचा खिडकीकडे तिरका धरावा लागायचा. सेल संपत आले की गच्चीवर उन्हात तापवायचे आणि त्यांची राखण मी करायची. "आउट झालो की तुला देतो," म्हणायचा, आणि मेला कधी आउटच व्हायचा नाही. आज त्याने तो आपणहून माझ्या हातात दिला. उडीचं बटण त्याच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालंय. नव्या मॉडेलमध्ये सगळं मिळतं, हा खळगा तेवढा मिळत नाही. त्यात अंगठा ठेवला आणि दहा वर्षांची असताना जळायचे, तशीच जळले.